यावल तालुका: विहिरीच्या पाण्यात नायट्रेट १२०, हार्डनेस ६२०. कोणता फिल्टर बसवावा?

केळीबाग_यावल
राम राम मंडळी. घरची विहीर ६० फूट, चारही बाजूंना केळी. प्रयोगशाळेचा अहवाल आला आहे (आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर): टीडीएस (विरघळलेले क्षार) ११५०, हार्डनेस (पाण्याचा जडपणा) ६२०, नायट्रेट १२०, क्लोराइड २४०, लोह ०.२, फ्लोराइड ०.६. पीएच ७.८. ई. कोलाय (मैल्यातला जंतू) आढळला. घरात सहा माणसं आणि चार महिन्यांचं बाळ. तूरडाळ लवकर शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. एक दुकानदार म्हणतो मोठं सॉफ्टनर बसवा, सगळं मिटेल. दुसरा म्हणतो यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरे. पिण्या-स्वयंपाकाला रोज ४० लिटर लागतं. नेमकं काय घ्यावं?

पाणीपरीक्षण
भाऊ, फिल्टरच्या आधी बाळाचं बघा. आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) प्रमाणे नायट्रेटची मर्यादा ४५. टीडीएसला दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत, हार्डनेसला ६०० पर्यंत सूट आहे; नायट्रेटला अजिबात नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हे पाणी गेलं की रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते, ओठ-नखं निळी पडतात. बाळ आईच्या दुधावर असेल तर वरचं पाणी द्यायचंच नाही. पावडरचं दूध चालू असेल तर ते आजपासून दुसऱ्या, तपासलेल्या पाण्यात करा. ओठ-नखं निळसर दिसली तर लगेच दवाखाना गाठा. आणि पाणी उकळून भागेल असं समजू नका. उकळल्यावर जंतू मरतात, पण वाफ उडते आणि नायट्रेट मागेच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं.

यूव्हीचं तेच. ई. कोलाय मारेल, क्षार आणि नायट्रेट जसेच्या तसे. सॉफ्टनरचं रेझिन (आतले बारीक मणी) कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. नायट्रेट त्यातून सरळ निघून जातं. तुमच्या अहवालाला पिण्यासाठी घरगुती उपाय एकच, आरओ, म्हणजे दाबाने पाणी अतिबारीक पडद्यातून (मेम्ब्रेन) गाळणारं मशीन. यूव्ही हवा, पण आरओच्या जोडीला.

आरओ_दुरुस्ती_भुसावळ
वरच्या उत्तरात एक भर घालतो, कारण घोळ नेमका इथेच होतो. बहुतेक मशीनमध्ये ‘टीडीएस कंट्रोलर’ नावाचा छोटा स्क्रू असतो. तो उघडला की थोडं पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून शुद्ध पाण्यात मिसळतं. बसवणारा मीटर बुडवून दाखवतो, ४०० च्या आसपास आकडा येतो, चवही छान लागते. आता नायट्रेटचा हिशोब करा. मेम्ब्रेनमधून १२० चे साधारण १५ उरतात. त्यात ३० टक्के कच्चं पाणी मिसळलं की ४६ होतात. म्हणजे मशीन नवं असतानाच मर्यादा ओलांडली. टीडीएस मीटरला नायट्रेट वेगळं कळतच नाही. तो स्क्रू पूर्ण बंद करून घ्या. पाणी अळणी लागलं तर मिनरल कार्ट्रिज लावा, त्याने नायट्रेट वाढत नाही.

मशीन ७५-८० जीपीडी (दिवसाला गॅलन) मेम्ब्रेनचं घ्या. कागदावर तासाला १२ लिटर, तुमच्या पाण्यावर त्याहून कमी धरा. ४० लिटरला चार-पाच तास लागतील, म्हणून लाइट असेल तेव्हा स्टीलच्या झाकणाच्या टाकीत भरून ठेवा. क्रम असा: बाहेर १० इंची हाउसिंगमध्ये ५ मायक्रॉनची स्पन कार्ट्रिज, मग सेडिमेंट, कार्बन, अँटिस्केलंट (क्षार बसू न देणारी कार्ट्रिज), बूस्टर पंप, मेम्ब्रेन, शेवटी यूव्ही.

वाया जाणारं पाणी कमी करून देतो असं सांगून कोणी रिजेक्ट लाइनचा (वाया पाण्याच्या नळीचा) एफआर, म्हणजे प्रवाह रोखणारा भाग, बदलायला आला तर नको म्हणा. निम्मं पाणी शुद्ध काढलं की उरलेल्या पाण्यातला हार्डनेस ६२० चा १२०० च्या वर जातो आणि क्षार मेम्ब्रेनवरच बसतात. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-अडीच लिटर जाऊ द्या. ते पाणी फरशीला, संडासाला वापरा, कुंड्यांना नको.

महिन्यातून एकदा कच्च्या आणि शुद्ध पाण्याचा टीडीएस वहीत लिहा. ११५० चे १०० होत असतील तर ठीक. २३० च्या वर गेला की मेम्ब्रेन बदला.

तापीकाठ
सॉफ्टनर अगदीच बाद करू नका. गिझर आणि वॉशिंग मशीनसाठी तो कामाचा आहे, फक्त तेवढ्याच लाइनवर बसवा. या लाइनला रोज ५०० लिटर धरले तर ५०० × ६२० म्हणजे रोज ३१० ग्रॅम हार्डनेस. एक लिटर रेझिन सुमारे ४५ ग्रॅम धरतं. २५ लिटर रेझिन साडेतीन दिवस चालेल, मग पावणेचार किलो मीठ ३५-४० लिटर पाण्यात विरघळवून अर्धा तास हळूहळू सोडायचं. हे दर तीन दिवसांनी करणारं कोणी घरात आहे का, ते आधी ठरवा. मीठ टाळलं की रेझिन नुसतं शोभेला. मिठाचं पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात मुळीच सोडू नका, झिरपून परत विहिरीतच येईल. डाळीसाठी मात्र आरओचंच पाणी घ्या, सॉफ्टनरच्या पाण्यात सोडियम फार होतं.

केळीबाग_यावल
स्क्रूचं कोणीच सांगितलं नव्हतं, धन्यवाद दादा. विहिरीत ब्लिचिंग टाकायची का? किती? विहिरीचा व्यास ५ मीटर, सध्या पाणी ४ मीटर.

पाणीपरीक्षण
टाका. ३.१४ × ५ × ५ × ४ भागिले ४ म्हणजे ७८.५ घनमीटर, ७८,५०० लिटर. १००० लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे साधारण २०० ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात पेस्ट करा, मग बादली भरा आणि दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या बादलीत काढून दोराने विहिरीत सोडा आणि बादली वरखाली हलवा. खालचा चुना विहिरीत गेला तर हार्डनेसमध्ये भरच. तासाभराने ओटी टेस्ट (रंगावरून क्लोरीन मोजायची चाचणी) करा, लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन दिसलं पाहिजे, नसेल तर मात्रा वाढवा. क्लोरीनने मेम्ब्रेन खराब होतं, म्हणून आरओतला कार्बन वेळेवर बदलत राहा.

ई. कोलाय कुठून येतो तेही शोधा. विहिरीचा काठ जमिनीपेक्षा उंच आहे का, भोवती सिमेंटचा ओटा आहे का, संडासाचा खड्डा आणि उकिरडा किती लांब आहे, हे पाहा. पावसाचं पाणी काठावरून आत उतरत असेल तर ब्लिचिंग दर वेळी नव्याने टाकावी लागेल. केळीला युरिया एकदम न देता ठिबकमधून थोडा थोडा द्या, मुळांखाली झिरपणारं नायट्रेट कमी होतं. पण विहिरीत फरक दिसायला वर्षं लागतात, तोवर आरओ लागेलच.

मशीन बसल्यावर आठवड्याने शुद्ध पाण्याचा नमुना जळगावला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. पुढे मेमध्ये आणि पावसाळ्यानंतर कच्च्या पाण्याचं नायट्रेट बघत चला, दोन्ही वेळचे आकडे वेगळे येतात.