अनुभव धागा : काही पानं उघडतात, काही उघडतच नाहीत

नेट पूर्ण बंद पडलं तर निदान कळतं तरी. पण दहा पानं झरझर उघडतात आणि नेमकं हवं ते अकरावं नुसतं गोल गोल फिरत राहतं, तेव्हा डोकं चालेनासं होतं. माझा गेला रविवार त्यातच गेला. ज्यांनी असलं काही निस्तरलंय त्यांनी इथे लिहा. काय दिसत होतं, काय काय करून पाहिलं, शेवटी काय निघालं, हे सगळं सांगा. नुसतं 'रीस्टार्ट केलं, झालं' नको, त्याचा पुढच्याला उपयोग होत नाही.

माझ्यापासून सुरुवात करतो. गूगल उघडायचं, साधी मजकुराची पानं यायची, बँकेचं पान मात्र पांढरंफटक. ब्राउझर बदलला, कॅशे पुसली, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) बदलून गूगलचा ८.८.८.८ केला, फरक शून्य. मग लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडला आणि तेच पान दोन सेकंदांत समोर! म्हणजे लॅपटॉप ठीक होता, घोळ राउटरकडे. आमचं कनेक्शन पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायचं. त्यात प्रत्येक पॅकेटला (डेटाच्या गठ्ठ्याला) ८ बाइटचं जादा वेष्टण लागतं, म्हणून १५०० ऐवजी १४९२ बाइटच मावतात. नव्या राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल मर्यादा, १५०० होता. मोठं पॅकेट अडलं की 'लहान करून पाठव' असा निरोप सर्व्हरला जायला हवा, पण वाटेतली एखादी फायरवॉल (सुरक्षेची चाळणी) तो निरोपच अडवते. सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो आणि आपण पांढऱ्या पडद्याकडे बघत बसतो. पॅकेटचे तुकडे न करता पिंग करून, म्हणजे ठरावीक आकाराचं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते पाहिलं : १४७२ अडलं, १४६४ गेलं. त्यात हेडरचे (पॅकेटवरच्या पत्त्याबित्त्याच्या माहितीचे) २८ बाइट मिळवा, बरोबर १४९२. राउटरमध्ये तो आकडा टाकला आणि बँक उघडली.

—

आमच्या ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर उलटंच होतं. राउटरचं आणि प्रिंटरचं सेटिंगचं पान उघडायचं, बाहेरचं प्रत्येक पान 'कनेक्शन खाजगी नाही' म्हणून अडायचं. तासभर केबली काढघाल केल्यावर कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. तारीख १ जानेवारी, तीही कित्येक वर्षांपूर्वीची! साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे तिच्या ओळखपत्राला, मुदत असते. संगणकाच्या हिशेबाने ते सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नव्हतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल, ३ व्होल्टचा, संपला होता. रोज संध्याकाळी मेन स्विच बंद व्हायचा, त्यामुळे रोज सकाळी तीच तारीख. सेल बदलला, तारीख लावली, आजतागायत तक्रार नाही. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी आधी तारीख वाचून दाखवायला सांगते.

—

तारीख बरोबर असूनही हाच संदेश येऊ शकतो. सासऱ्यांच्या जुन्या मॅकवर ३० सप्टेंबर २०२१ नंतर कितीतरी साइट एकदम बंद झाल्या. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटं ज्या जुन्या रूट सर्टिफिकेटच्या (बाकीच्यांची खात्री देणाऱ्या मूळ सर्टिफिकेटच्या) आधारावर चालायची, त्याची मुदत त्या दिवशी संपली, आणि नवं रूट त्या मॅकला ठाऊकच नव्हतं. फायरफॉक्स टाकून दिला. तो विश्वासू रूट सर्टिफिकेटांची यादी स्वतःची ठेवतो, म्हणून चाललं.

एक कळकळीची विनंती. बँकेच्या किंवा पैशांच्या पानावर अशी सूचना आली तर 'तरीही पुढे जा' करू नका. कारण सापडेपर्यंत थांबा.

—

माझ्याकडे एकच साइट उघडत नव्हती. एनएसलुकअप (डीएनएसला साइटचा पत्ता विचारणारी कमांड) बरोबर पत्ता सांगायचं, पिंग मात्र १२७.०.०.१ कडे जायचं, म्हणजे स्वतःकडेच. दादाने परीक्षेच्या वेळी अभ्यासासाठी ती साइट होस्ट्स फाइलमध्ये (संगणकातल्या साइटची नावं आणि पत्ते यांच्या यादीत) अडवली होती. एनएसलुकअप ती फाइल बघतच नाही, म्हणून दोघांची उत्तरं वेगळी. ती ओळ काढली, काम झालं.

—

इन्कग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खाजगी विंडोत) उघडतंय आणि नेहमीच्या विंडोत नाही, असं असेल तर कारण एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) किंवा कुकीज (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी). मला '४०० बॅड रिक्वेस्ट' यायचं. एकाच साइटच्या कुकीज साठून साठून सर्व्हरला झेपेनाशा झाल्या होत्या. तेवढ्याच साइटच्या काढा. सगळ्या काढल्या तर सगळीकडे पुन्हा लॉगिन करत बसावं लागतं.

—

धागा वाचून लगेच बसले. तारीख ठीक, इन्कग्निटोतही पान येईना, हॉटस्पॉटवर आलं. मग पिंग. माझ्याकडे १४६४ सुद्धा अडलं, कमी करत करत १४५२ ला गेलं. २८ मिळवून राउटरमध्ये १४८० टाकले. मुलाचा प्रवेशाचा फॉर्म तीन दिवस अडकला होता, आत्ता भरून झाला.