सोसायटी ग्रुप: फक्त कामाचे मेसेज

चौगुले मॅडम, खजिनदार (बी-२०१): ऑफिसच्या कॉम्प्युटरला कोणी हात लावला? चालू केला की सरळ विंडोज उघडतंय. आधी काळ्या स्क्रीनवर उबंटू का विंडोज असं विचारायचं, ते येतच नाही. वर्षाचा सगळा हिशोब उबंटूत, म्हणजे त्या दुसऱ्या सिस्टिममध्ये आहे. २८ तारखेची वार्षिक सभा, चौदा दिवस आधी नोटीस लागते, म्हणजे उद्या निघालीच पाहिजे.

पाटील काका, चेअरमन (ए-१०१): हात लावला म्हणजे काय? १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट बंद होणार, हे मी दोन मीटिंगमध्ये सांगितलंय. बुधवारी दुकानातला मुलगा येऊन विंडोज ११ टाकून गेला. कमिटीच्या परवानगीने.

कुलकर्णी काकू (बी-१०३): कोणती कमिटी? मी कमिटीत आहे ना अजून?

मगदूम काका (ए-३०२): सरळ फॉरमॅट मारा. वीस मिनिटांचं काम.

शिंदे सर (सी-२०४): पितृपक्षात नवीन काही करू नये म्हणतात ते उगाच नाही.

मुल्ला (बी-३०२): सर, विंडोज १० चं श्राद्ध घातलं म्हणा की 😄

चौगुले मॅडम: थट्टा बाजूला ठेवा. थकबाकीची यादी, सिंकिंग फंड, सगळं त्यात आहे.

कुलकर्णी काकू: सभेच्या तोंडावर बरोबर हिशोबच कसा गायब होतो, एवढंच विचारते. कोणावर आरोप नाही.

पाटील काका: आरोप नाही म्हणून आरोपच करायचा. उबंटू कोणी टाकलं ते पण विचारा की मग. २०१९ च्या पुरात जुना कॉम्प्युटर बुडाला, नवा घेतला, तेव्हा मॅडमच्या ओंकारने दोन-दोन सिस्टिम घालून ठेवल्या. एकावर भागत नव्हतं का?

चौगुले मॅडम: झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हमधून महिन्याला व्हायरस यायचा म्हणून टाकलं, फुकट टाकलं. ओंकार आता पुण्यात नोकरीला आहे, फोन उचलत नाहीये. प्रिंटर आणि कॅमेरे विंडोजवर आणि हिशोब उबंटूवर, इतकी वर्षं व्यवस्थित चाललं होतं.

सौ. माळी (ए-२०३): नवरात्रासाठी घरगुती कडाकण्या, ऑर्डर घेणे चालू. गूळ / साखर दोन्ही. शनिवारपर्यंत सांगा 🙏

मुल्ला: वहिनी अर्धा किलो गुळाच्या. आणि हा ग्रुप फक्त कामाच्या मेसेजसाठी आहे बरं का.

अनिकेत (सी-४०२): नमस्कार. हिशोब बहुतेक जागेवरच असेल. विंडोज अपग्रेड करताना उबंटू पुसत नाही, सुरू होण्याच्या क्रमात स्वतःला वर घेतं. कोणी काही डिलीट करू नका.

मगदूम काका: हे कोण?

कुलकर्णी काकू: चौथ्या मजल्यावरचे भाडेकरू. वालचंद कॉलेजला शिकतात ते. रात्री गाड्यांचे आवाज ज्यांचे येतात ते.

पाटील काका: मी ऑफिसमध्येच बसलोय. डिस्क मॅनेजमेंट की काय ते उघडलं. एक मोठा भाग बिननावाचा दिसतोय. त्याला अक्षर दिलं तर विचारतोय, वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायचं का.

मगदूम काका: बघा. कॉम्प्युटर स्वतःच म्हणतोय फॉरमॅट करा. मी केव्हाचं सांगतोय.

अनिकेत: काका नाही म्हणा!! कॅन्सल करा. तोच उबंटूचा भाग आहे. विंडोजला ती फाइल सिस्टिम वाचता येत नाही म्हणून रिकामा समजतो. फॉरमॅट केलं तर हिशोब खरंच जाईल.

चौगुले मॅडम: पाटील काका कॅन्सल केलं का

चौगुले मॅडम: पाटील काका???

पाटील काका: केलं केलं. चहा घेत होतो.

शिंदे सर: इथं आमचं बीपी वाढलं आणि यांचा चहा चाललाय.

अनिकेत: काका, दिलेलं अक्षर काढून टाका, नाहीतर उद्या कोणीतरी परत ‘हो’ दाबेल. मी मिरजेला आलोय, यायला तास लागेल. तोवर एक करून बघा. रीस्टार्ट करा आणि कंपनीचं चिन्ह यायच्या आधीपासून एफ १२ दाबत राहा. नाही आलं तर एफ ९, नाहीतर एस्केप. कंपनीप्रमाणे बटण बदलतं.

पाटील काका: एक यादी आली. पहिलं विंडोज बूट मॅनेजर. दुसरं उबंटू. तिसरं नेटवर्क काहीतरी.

अनिकेत: उबंटू त्या यादीत आहे म्हणजे काम सोपं आहे. तेच निवडून एंटर. यादीत नसतं तर पेन ड्राइव्हवरून चालू करून ग्रब, म्हणजे कोणती सिस्टिम ते विचारणारी ती काळी स्क्रीन, परत बसवावं लागलं असतं.

शिंदे सर: अजून कळेना. माझ्या भाच्याने सांगितलं, बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट बंद करा, लेगसी चालू करा, की सगळं होतं.

अनिकेत: सर नको. लेगसीवर, म्हणजे सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीवर टाकलं तर दोन्ही सिस्टिम उघडणार नाहीत, कारण दोन्ही नव्या पद्धतीने, यूईएफआयवर बसवलेल्या आहेत. आणि सिक्युअर बूट बंद केल्यावर ड्राइव्ह लॉक असेल तर निळी स्क्रीन येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती कोणाकडे आहे?

मुल्ला: ४८ आकडी? इथं बायकोचा नंबर पाठ नाही.

मगदूम काका: म्हणून म्हणतो फॉरमॅट मारा. की नको, बी नको.

पाटील काका: काळी स्क्रीन आली! उबंटू आलं! चौगुले मॅडम, खाली या, पासवर्ड तुमच्याकडे.

चौगुले मॅडम: उतरतेय.

चौगुले मॅडम: सगळं आहे. फाइल उघडली. ३१ मार्चपर्यंतचा ताळेबंद जसाच्या तसा. पेन ड्राइव्हवर आणि मेलवर दोन्हीकडे घेतला. अनिकेत, खूप आभार बाळा.

कुलकर्णी काकू: चला, सापडला म्हणायचा हिशोब.

पाटील काका: सापडला नाही. होताच.

अनिकेत: आता हे आजपुरतं झालं. रीस्टार्ट केलं की परत विंडोज पुढे येईल. बायॉसच्या बूट ऑर्डरमध्ये उबंटू एक नंबरला घ्यावं लागेल, ते मी आल्यावर करतो. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करतो. मोठ्या अपडेटनंतर ते परत चालू झालेलं असू शकतं. ते चालू असलं की बंद केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि उबंटूतून त्या ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही.

चौगुले मॅडम: तरीच! गेल्या महिन्यात पावत्या डी ड्राइव्हवर जातच नव्हत्या.

*(रात्री)*

अनिकेत: झालं. क्रम बदलला. आता चालू केल्यावर दहा सेकंद यादी दिसेल, नाही निवडलं तर उबंटू उघडेल. प्रिंट काढायची असेल तर खालचं विंडोज. ते यादीत राहावं म्हणून ग्रबच्या फाइलमध्ये एक ओळ बदलली आहे. २.०६ पासून ग्रब दुसऱ्या सिस्टिम आपणहून शोधत नाही. आता पुढचे मोठे अपडेट झाले की क्रम एकदा बघत जा, परत बदलू शकतो.

अनिकेत: अजून एक. विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे दाखवत होतं, ते पण दुरुस्त केलं.

पाटील काका: ते नेहमीचंच आहे. बॅटरी गेलीय.

अनिकेत: बॅटरी ठीक आहे काका. उबंटू मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं. विंडोज तीच भारताची समजतं. नेट असेल तर थोड्या वेळाने नीट होतं, नसेल तर तसंच मागे. आता उबंटूला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलंय.

शिंदे सर: कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरला वेळ याच कॉम्प्युटरवरून जाते ना?

पाटील काका: जाते. आणि जुलैत नेट बंद होतं, बिल भरायचं राहिलं होतं. असो.

मुल्ला: म्हणजे जुलैचं रेकॉर्डिंग साडेपाच तास मागचं.

शिंदे सर: काकू, तुमच्या ॲक्टिव्हाला ओरखडा पडला ते फुटेज जुलैचंच. ३:२० दाखवत होतं.

कुलकर्णी काकू: मग? दुपारी ३:२० लाच तर या अनिकेतचे मित्र येतात. आपल्या पार्किंगला दिवसाही अंधारच, चेहरा दिसत नाही. मी आधीच म्हटलं होतं.

शिंदे सर: साडेपाच मिळवा. रात्री ८:५०.

अनिकेत: गुरुवार होता. रात्री ८:५० ला आम्ही सगळे मेसला असतो.

मुल्ला: गुरुवारी रात्री जयसिंगपूरहून कोण येतं बरं, बुलेट घेऊन 🤔

मगदूम काका: जावई आमचे सावकाश गाडी लावतात. तो फोटो अस्पष्ट आहे. आणि जुनी प्रकरणं उकरायचा हा ग्रुप नाही.

कुलकर्णी काकू: मगदूम भाऊ, फुटेज अजून आहे ना, फॉरमॅट नाही ना मारलं?

सौ. माळी: कडाकण्यांची शेवटची आठवण. कुलकर्णी काकू, तुमच्या किती?

कुलकर्णी काकू: एक किलो. साखरेच्या.

चौगुले मॅडम: नोटीस आणि ताळेबंद उद्या सकाळी दहाला बोर्डवर लागेल, पीडीएफ इथेही टाकते. थकबाकीदारांची नावं त्यातच आहेत, कोणी मला वेगळा फोन करू नये.

मगदूम काका: नावं टाकायची गरज आहे का? फ्लॅट नंबर पुरे.

मुल्ला: काका, फ्लॅट नंबरवरूनही कळतंय 😄

अनिकेत: पाटील काका, जमलं तर माझ्या गाडीच्या पार्किंग स्टिकरचं बघाल का? जूनमध्ये अर्ज दिलाय.

पाटील काका: आजच्या मदतीबद्दल सोसायटी आपली आभारी आहे. स्टिकर फक्त मालकांना, असा २०२२ चा ठराव आहे. सभेत विषय घेऊ.

चौगुले मॅडम: विषयपत्रिका माझ्याकडेच आहे. विषय क्रमांक सात, टाकला.