एएनए पॉझिटिव्ह, पण आजार कुठला?

ताई, एएनए (आपल्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडीज शोधणारी रक्ततपासणी) १:१६० स्पेकल्ड, म्हणजे रक्त १६० पट पातळ करूनही पॉझिटिव्ह आणि नमुना ठिपक्यांचा, बाकी सीबीसी-ईएसआर (रक्तपेशींची मोजणी आणि अंगातली सूज दाखवणारी तपासणी) जागच्या जागी, तरी सकाळी बोटं आखडतात आणि डॉक्टर नुसतं 'बघू' म्हणतात, हे वाचून माझीच तीन वर्षांपूर्वीची फाईल उघडल्यासारखं वाटलं. देवगडला रक्त दिलं, नमुना मुंबईला गेला, रिपोर्ट रात्री व्हॉट्सॲपवर. पहाटेपर्यंत ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार, वाचत बसले. ते करू नका.

१:१६० धडधाकट माणसांतही शंभरात पाचेक जणांना सापडतो, १:८० तर त्याहून जास्त. म्हणून एकट्या एएनएवर कोणी शिक्का मारत नाही. तो पुन्हापुन्हा करूनही काही हाती लागत नाही, पैसे मात्र जातात. विचारायचं ते डीएस-डीएनए, ईएनए प्रोफाइल (ल्युपससारख्या आजारांच्या नेमक्या अँटीबॉडीज), सी३-सी४ (रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रथिनं) यांचं. आणि साधी लघवीची तपासणी, प्रथिनं जातात का बघायला. ही सगळ्यात स्वस्त, आणि हीच आमच्याकडे राहून गेली होती!

कोल्हापूरच्या संधिवाततज्ज्ञांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी एकेक बोटाचा सांधा दाबून पाहिला. तोंडात फोड येतात का, उन्हात चेहऱ्यावर चट्टे उठतात का, थंडीत बोटं पांढरी पडतात का (देवगडात थंडी कुठली म्हणा). नारळ खवताना किती वेळाने हात मोकळा होतो, हेही विचारलं. अर्ध्या तासाच्या वर आखडत असेल तर मिनिटं लिहून न्या.

माझं शेवटी थायरॉइडच्या अँटीबॉडीजवर येऊन थांबलं. त्यातही एएनए पॉझिटिव्ह येतो. तुमची टीपीओ (थायरॉइडच्या अँटीबॉडीची तपासणी) झालीय का?