ओळखपत्र गळ्यात की खिशात?

'कुठे असता सध्या?' असं कुणी विचारल्यावर कंपनीचं नाव चटकन सांगता, की 'एका खाजगी कंपनीत' म्हणून विषय बदलता? त्या नावापायी टिकलात की राजीनामा दिलात? लिहा. कंपनीचं नाव मात्र नको.

सुरुवात मीच करते. आमच्याकडचा हिशेबातला घोळ बातम्यांत आला, त्या आठवड्यात ऑफिसात काही बदललं नाही. पगार वेळेवर, काम तेच. फरक दिसला तो लिफ्टमध्ये. इमारतीत इतरही कंपन्या होत्या, त्यामुळे आमची माणसं ओळखपत्राची निळी पट्टी लिफ्टबाहेरच काढून खिशात कोंबायची. मीही. बाहेर मागणी असलेले आधी गेले, त्यांचं काम आमच्या बोकांडी बसलं आणि मग त्या कामाला कंटाळून उरलेले निघाले. मी दीड वर्ष राहिले ते मॅनेजरमुळे. त्याने पहिल्याच दिवशी 'मला माहीत आहे तेवढं सांगतो' म्हणून सगळ्यांना समोर बसवलं होतं. वरून आलेल्या मेलमध्ये फक्त 'आपण एक कुटुंब' होतं.

*

माझं उलटं. नाव इतकं मोठं की पगारवाढ मागितली की एचआर हसून म्हणायचे, 'बायोडेटावर आमचं नाव आहे ना!' चार वर्षं त्यावर काढली. पाचव्या वर्षी ते नाव दाखवूनच दुसरीकडे गेलो.

*

मी भरती बघते. बदनामी राजीनाम्यांत उशिरा दिसते. आधी ऑफर स्वीकारलेले उमेदवार रुजू होण्याच्या दिवशी फोन उचलेनासे होतात.

*

ऑडिटमध्ये आहे. आमचे सीनियर आर्थर अँडरसन या बड्या अमेरिकी ऑडिट फर्मचं उदाहरण द्यायचे. जगभर सुमारे 85,000 माणसं, त्यातल्या बहुतेकांचा एन्रॉन या घोटाळ्यात बुडालेल्या क्लायंटच्या फायलींशी काडीचा संबंध नाही. 2002 मध्ये त्या फायली नष्ट केल्याच्या प्रकरणात फर्म दोषी ठरली. 2005 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण तोवर परत जायला फर्मच उरली नव्हती. आमच्या धंद्यात क्लायंट हलले की भागीदार हलतात, आणि भागीदारामागे अख्खी टीम. म्हणून क्लायंटची कुजबुज कानावर आली की मी बायोडेटा काढून ठेवतो. भित्रा म्हणा हवं तर.

*

आमच्यावरचे आरोप खोटे होते, हे आतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्या आठ महिन्यांत आमच्या विभागातून एकही जण गेला नाही. उलट रात्री थांबून कागद जुळवले. आरोप मिटले, केक कापला, आणि पुढच्या महिन्यात सहा राजीनामे. दुसरा माझा होता.