मदत हवी आहे: टॉर्टियासाठी पावसाळ्यात टिकेल असा लाकडी प्रेस

नमस्कार मंडळी. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या पिठाच्या मेक्सिकन टॉर्टिया (पातळ गोल भाकऱ्या) घरी करायच्या आहेत. या पिठात ग्लुटेन (कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन) नसतं, त्यामुळे लाटताना कडा फाटतात, म्हणून प्रेस हवा. बाजारातला पुरीचा प्रेस लहान पडतो. मला आठ इंची, चांगला जड हवाय.

दोन फळ्या, मागे बिजागऱ्या, पुढे दांडा. पण खरी मेख बिजागरीतच आहे. मिटल्यावर फळ्या मागे अगदी टेकल्या, तर टॉर्टियाची मागची कड पातळ होते, पुढची जाड राहते. मागे दोन मिलिमीटर फट ठेवायला बिजागरीखाली काय घालावं? वरच्या दाबाने स्क्रू उपटतात, म्हणून आरपार नट-बोल्टच लावणार आहे.

दुसरी काळजी मुंबईच्या दमट हवेची. दीड इंची सागवानाची अखंड फळी जून-जुलैत वाकेल का? की अरुंद पट्ट्या जोडून, लाकडाच्या रेषांना आडव्या पट्ट्या मारणं बरं? तेल जवसाचं कच्चं लावेन; शेंगदाण्याचं सुकत नाही, खवट होतं.

रे रोडच्या लाकूड बाजारात एवढासा तुकडा रंधा मारून देतात का? कोणी स्वतः बनवला असेल तर दांड्याची लांबी नक्की सांगा.