चांदाड्याच्या पानाखाली अंड्यांवर बसलेली ज्वेल बग: फोटो कसा घ्यावा?

प्रश्न
चांदाड्याच्या झाडाच्या पानाच्या खालच्या अंगाला कँटाओ ऑसिलेटस या ज्वेल बगची (चकचकीत ढेकूणवर्गीय कीटक) मादी अंड्यांवर बसली आहे, जमिनीपासून चारेक फुटांवर. क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सर) कॅमेरा, १०० मिमी मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स, साधा फ्लॅश. फोटोत पाठीवर पांढरा डाग येतो, अंडी काळी पडतात आणि पान वळवलं की ती चुळबुळते. काय बदलू?

उत्तर १
आधी पान वळवणं थांबवा. धक्का लागला की ती त्या बाजूला अंग कलतं करते, पाठीची ढाल पुढे आणि अंडी पोटाखाली. फोटोला हाच क्षण उत्तम, पण ती चालू लागली तर लगेच मागे सरका. आई हलली की कडेची अंडी उघडी पडतात आणि जेमतेम मिलिमीटरभराच्या परजीवी गांधीलमाश्या त्यांत आपली अंडी घालतात. त्या तुम्हाला दिसणारही नाहीत.

खाली बसा, कॅमेऱ्याची स्क्रीन उघडा आणि बाजूने, किंचित खालून नेम धरा. डोळा, पुढचे पाय आणि अंड्यांची जवळची कड एका प्रतलात आली पाहिजे. १:१ चा (सेन्सरवर कीटक प्रत्यक्ष आकाराएवढा) हट्ट नको. कीटक दोनेक सेंटीमीटरचा, १:२ ला फ्रेम छान भरते. शिवाय एफ/११ ला (लेन्सच्या छिद्राचं माप) १:१ वर जेमतेम १ मिमी खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारी जाडी, मिळते, १:२ वर अडीचेक मिमी.

उत्तर २
डाग पडतो कारण गुळगुळीत, फुगीर पाठ आरशासारखी फ्लॅशचं प्रतिबिंब दाखवते. प्रतिबिंब जाणार नाही, ते मोठं आणि मऊ करायचं. पॅकिंगचा पांढरा फोम, ए-४ एवढा, दुहेरी करून फ्लॅशपासून लेन्सच्या तोंडापर्यंत कमानीसारखा बांधा. अंड्यांवर तिच्याच अंगाची सावली पडते, त्यासाठी पानाखाली वीतभर अंतरावर पांढरा कार्ड आडवा धरा. सुरुवात शटर १/२००, एफ/११, आयएसओ ४००, फ्लॅश मॅन्युअल १/१६ (पूर्ण ताकदीचा सोळावा भाग). अंडी फिकट असतात, ती पांढरीफटक झाली तर फ्लॅश १/३२ करा.

चांदाड्याचा देठ पानाच्या पोटात जोडलेला, त्यामुळे झुळूक आली की पान छत्रीसारखं डोलतं. काठी जमिनीत रोवून कपड्यांच्या चिमट्याने देठ अलगद धरा. पात्याला चिमटा लावू नका, तो हादरा थेट तिच्या पायांना जातो.

प्रश्नकर्ता
आभार! पिल्लं निघाल्यावर?

उत्तर १
सुरुवातीला ती रिकाम्या कवचांवरच दाटीने बसतात, आई वर उभी. तेव्हा मात्र १:१ वर जा आणि फोकस घोळक्याच्या पुढच्या ओळीवर ठेवा. स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम जोडणं) जमणार नाही, मिशा सतत हलतात. पाच-सहा फ्रेम घेऊन निघा.