आकडे कंपन्यांचे की प्रवाशांचे?
आफ्रिकेतील विमाने इतरांपेक्षा रिकामी उडतात, म्हणजे तिथे मागणीच कमी आहे, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. २०२४ मध्ये जगाचा एकूण लोड फॅक्टर, म्हणजे विमानांतील भरलेल्या आसनांचे प्रमाण, ८३.५ टक्के होता आणि आफ्रिकी कंपन्यांचा आंतरराष्ट्रीय आकडा ७५ टक्क्यांच्या आत राहिला, हे खरेच आहे. परंतु हे आकडे ज्यांत येतात, त्या ‘आयाटा’च्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) तक्त्यांत विभाग ठरतो तो विमान कंपनीच्या नोंदणीवरून, प्रवासी कुठला आणि कुठे निघाला, याचा तिथे संबंध नसतो. नैरोबीहून दुबईमार्गे लंडनला जाणारा प्रवासी एमिरेट्सने गेला, तर त्याचे सगळे किलोमीटर मध्यपूर्वेच्या खात्यात जमा होतात आणि आफ्रिकेच्या रकान्यात त्याची नोंदही उरत नाही.

शिवाय मोजमाप नुसत्या माणसांचे नसून अंतराने गुणलेले असते. २०० आसनांच्या विमानाने १,००० किलोमीटर अंतर कापले की दोन लाख आसन-किलोमीटर क्षमता धरली जाते, आणि त्यात १५० जण असले तर मागणी दीड लाख प्रवासी-किलोमीटर. तेच १५० जण ६,००० किलोमीटर गेले, तर तक्त्यातली ‘मागणी’ सहापट दिसते. माणसे मात्र तेवढीच.